लाटण्यावरची फुली

सर समोरच्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या हाताकडे. नवा विद्यार्थी दारात उभा राहून नाव-गाव सांगत असला तरी सरांची नजर खाली, त्याच्या डाव्या पंजावर. रस्त्यात भेटले तरी तेच. तुम्ही भाजीची पिशवी कशी धरली आहे ते आधी बघणार आणि मग विचारणार, "काय, बरं आहे ना?" वर्गात तर दर थोड्या वेळाने एकच शब्द ऐकू यायचा : "अंगठा!" तो उच्चारताना ते उजव्या हाताने आपल्या डाव्या अंगठ्याचं मूळ चोळत असायचे. आम्हाला वाटायचं, शब्दावर जोर देण्याची ही त्यांची पद्धत. कुणीतरी कधीतरी त्यांचं नाव 'अंगठा सर' ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. "ठेवा, ठेवा," ते म्हणायचे. "माझं नाव विसरलात तरी चालेल, अंगठा विसरू नका."

वारज्यात ज्यांच्या शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या त्यांपैकी एका घरातले सर. भाऊ बांधकामाच्या धंद्यात शिरले, पुतण्यांनी गाड्या घेतल्या. सरांनी घरच्या इमारतीतली पहिल्या मजल्यावरची एक खोली मागून घेतली आणि तिथे गिटारचा वर्ग काढला. खाली धाकट्या भावाचं नळ आणि पाइपांचं दुकान होतं. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात बॉलपेन आणि डोक्याला तेल, असा त्यांचा वेश. गिटार शिकवणारा माणूस लांब केसांचा असतो अशी समजूत करून आलेली मुलं त्यांना घरमालक समजायची. "काका, गिटारचे सर कुठे भेटतील?" असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, "बसा, बोलावतो." मग आत जाऊन पाणी पिऊन यायचे आणि त्याच्यासमोर येऊन बसायचे. "हं, बोला."

त्यांच्या तोंडी दोन बोल्या होत्या. आम्हा विद्यार्थ्यांशी ते अगदी पुस्तकासारखं शुद्ध बोलायचे, वयाने कितीही लहान असला तरी अहो-जाहो करायचे. खिडकीतून खाली भावाशी बोलताना मात्र 'हाय' आणि 'न्हाई' सुरू व्हायचं. आमच्याशी बोलताना 'हाय' आलं की समजायचं, सर एक तर फार चिडले आहेत किंवा फार खूश झाले आहेत.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातून पुण्याला आलो. वडील जिनिंग प्रेसमध्ये कामाला होते. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला, त्यामुळे नोकरी लागली तेव्हा सगळ्या गल्लीला आपल्यालाच नोकरी लागल्यासारखं वाटलं होतं. कंपनी खराडीत होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पण गावाकडचा प्रफुल वारज्यात खोली घेऊन राहत होता, म्हणून मीही वारज्यात. रोज कंपनीच्या बसमधून अख्खं पुणं ओलांडायचं आणि परत यायचं. कॉलेजच्या होस्टेलवर एका मुलाकडे गिटार होती. ती तो कुणाला हात लावू देत नसे. तेव्हापासून मनात होतं, आपण कमावते झालो की एक घ्यायची. पहिले काही पगार घरी पाठवून झाल्यावर मी बुधवार पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो.

"वाजवायची आहे का भिंतीवर लावायची आहे?" दुकानदाराने वर न बघता विचारलं.

"शिकायची आहे."

"मग साधी घ्या. भारी घेतली की लोक तिला जपतात, वाजवत नाहीत."

ती साधी गिटार पाठीला लावून मी पहिल्या रविवारी सरांकडे गेलो. सरांनी नेहमीप्रमाणे आधी माझा हात बघितला. मग गिटार हातात घेतली, तारा छेडल्या आणि म्हणाले, "चांगली आहे. ती आता त्या कोपऱ्यात ठेवा. पुढच्या रविवारी लाटणं घेऊन या."

मी "हो सर" म्हणालो. कशाला, ते विचारलं नाही. आमच्या शाळेत मास्तरांना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. मास्तर "समजलं का?" म्हणायचे आणि सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणायचा. ज्याला समजलं नसेल त्याने घरी बसून समजेपर्यंत घोकायचं. यात मी त्या मास्तरांना नावं ठेवत नाही. त्यांनी शिकवलं म्हणून मी इंजिनियर झालो. पण तो 'हो' माझ्या जिभेवर कायमचा बसला होता.

खोलीत लाटणं नव्हतं, कारण आम्ही डब्यावर जेवत होतो. भांड्यांच्या दुकानातून एक आणलं. प्रफुल ते बघून पोट धरून हसला. "अबे, गिटार शिकून राहिला का पोया लाटून राहिला? शिकून घे बावा, डबेवालीले सुट्टी देऊ."

सरांनी ते लाटणं आपल्या डाव्या हातात धरलं. चार बोटं वरून, अंगठा मागून. खिशातलं बॉलपेन काढलं आणि अंगठा जिथे टेकला होता तिथे एक ठळक फुली मारली. चार बोटांच्या जागी चार ठिपके काढले. "ही गिटारची मान समजा. अंगठा इथे, मधल्या बोटाच्या बरोब्बर समोर. तुमचा हात बघेन तेव्हा तो मला तिथेच दिसला पाहिजे. बसमध्ये धरा, टीव्ही बघताना धरा. आणि दाबू नका. पिकलेला पेरू धरतो तसं धरायचं."

मी ते अक्षरशः पाळलं. कंपनीच्या बसमध्ये सॅकमधून लाटणं काढून धरून बसायचो. शेजारी बसणारे एक गृहस्थ दोन-चार दिवसांनी मागच्या सीटवर जाऊन बसले. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला असं लाटणं आणायला लागायचं. काही जण त्याच दिवशी वर्ग सोडून जायचे. सर म्हणायचे, "बरं झालं. गिटार वाचली."

लाटण्यानंतर गिटार मिळाली, पण तीही सरांच्या रीतीनेच. पाठीचा आधार न घेता खुर्चीच्या कडेला बसायचं, डावा पाय लाकडी पाटावर ठेवून उंच करायचा, गिटार डाव्या मांडीवर. मांडी घालून जमिनीवर बसायचं नाही, पलंगावर लोळून तर मुळीच नाही. "ही गिटार आहे, पाटा-वरवंटा नाही," ते म्हणायचे. आमच्या खोलीत खुर्ची नव्हती, दोन गाद्या होत्या. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसायचो आणि पायाखाली प्रफुलची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायचो. प्रफुल म्हणायचा, "घे, तुह्या पायाले तरी येऊ दे ज्ञान."

वर्गात बाकीचे बहुतेक जण पुण्यातलेच, माझ्यासारखेच कॉम्प्युटरवर काम करणारे. ते सरांशी वाद घालायचे. एक जण मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, हा बघा, केवढा मोठा आर्टिस्ट आहे आणि अंगठा सरळ मानेच्या वरून काढतो. मलाही तसंच कम्फर्टेबल वाटतं."

"वाटणारच. सोफ्यावर आडवं पडल्यावरही वाटतं."

"पण त्याला चालतं ना सर?"

"त्याचा अंगठा त्याचं ऐकतो. तुमचा अजून तुमचं ऐकत नाही. ऐकायला लागला की वरून काढा, कानामागून काढा, मी काही बोलणार नाही."

सगळे हसायचे. मीही हसायचो, पण त्या मुलाचं मला आश्चर्य वाटायचं. सरांना 'पण' म्हणायची हिंमत याला कुठून येते?

सरांना ही रीत कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गोवेकर अंकलकडून मिळाली होती. तरुणपणी सर घरच्या म्हशींचं दूध सायकलवरून गावात घालायचे आणि रिकाम्या किटल्या हँडलला तशाच ठेवून पुढे कॅम्पात जायचे. अंकल आधी साबणाने हात धुवायला लावायचे. मग तुटलेल्या खुर्चीचा एक पाय हातात द्यायचे. त्या पायावर त्यांनी खूण केलेली होती. गिटार मिळाली ती पुष्कळ दिवसांनी. खुर्चीच्या पायाच्या जागी लाटणं, एवढाच बदल सरांनी केला, बाकी सगळं अंकलचं. हे सांगताना सरांचा आवाज मऊ व्हायचा. "अंकलना मी कधी उलटून 'का' म्हणून विचारलं नाही," असं ते अभिमानाने म्हणायचे आणि अंगठ्याचं मूळ चोळायचे. मला हे वाक्य फार आवडायचं. वाटायचं, आपण योग्य ठिकाणी आलो.

माझं मनगट दुखायला लागलं ते पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायला शिकलो तेव्हा. अंगठ्याच्या मुळापासून कळ निघायची आणि कोपराकडे जायची. मी ती कुणाला सांगितली नाही. खरं सांगायचं तर मला ते चांगलं लक्षण वाटलं. आजवर मला जे जे चांगलं मिळालं होतं, ते आधी दुखलंच होतं. पाढे पट्टीचा मार खाऊन पाठ झाले, इंग्रजी लोकांच्या हसण्यातून आलं, इंजिनियरिंग तर घरापासून लांब उपाशीतापाशी झालं. मग गिटार न दुखता कशी येईल? उलट दुखतंय म्हणजे आपण बरोबर करतोय, असा माझा हिशेब. अंगठा फुलीवरून घसरू नये म्हणून मी आणखी घट्ट धरायला लागलो. वर्गात सर माझं उदाहरण द्यायचे. "यांचा अंगठा बघा. खिळा ठोकल्यासारखा जागेवर." त्या दिवशी दुखणं मला जाणवायचंही नाही.

पण दिवसभर कॉम्प्युटरवर तोच हात. हळूहळू डावी बोटं मागे पडायला लागली. टीम लीड एकदा मागे उभा राहून म्हणाला, "काय रे, टायपिंग करतोयस का पूजा?" मग एके दिवशी ऑफिसमध्ये पाण्याची भरलेली बाटली हातातून सुटली आणि शेजारणीच्या कीबोर्डवर पडली. त्या दिवशी मी घाबरलो. गावी बहीण कॉलेजला होती, तिची फी, वडिलांची औषधं, सगळं याच दोन हातांवर चाललं होतं. वारज्यातल्या डॉक्टरांनी मनगट दाबून बघितलं आणि म्हणाले, "कॉम्प्युटर पण आणि गिटार पण? हा हात दोन्ही पेलणार नाही. एक काहीतरी निवडा."

निवडायचं काय होतं त्यात? रविवारी मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि बाकीचे विद्यार्थी निघून जाण्याच्या वेळेला वर्गात गेलो. ऑफिसचं काम वाढलंय, पुढच्या महिन्यापासून जमणार नाही, हे वाक्य घोकून ठेवलं होतं. ते म्हणून टाकलं. सर पेढ्यांकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडेही नाही.

"पुडा उजव्या हातात. सॅकही उजव्या खांद्यावर. डाव्याला रजा दिली आहे का?"

"सहज, सर."

"लाटणं आहे बरोबर?"

ते सॅकमध्ये नेहमीच असायचं. मी काढलं आणि डाव्या हातात धरलं. अंगठा बरोब्बर फुलीवर. सरांनी त्याचं दुसरं टोक दोन बोटांनी जरासं ओढलं. लाटणं माझ्या हातातून सुटलं, फरशीवर आपटलं आणि घरंगळत दारापर्यंत गेलं.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून."

तेव्हा होळी होऊन गेली होती.

"आणि बोलला का नाहीस?" सर मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

"सर, वाटलं, शिकताना दुखणारच."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. पण तुम्ही सांगितलं तसंच धरत होतो. फुलीवरच."

"आरं, मग दुखतं हाय म्हणून सांगायला काय झालं हुतं? तोंड हाय न्हवं तुला? का ते बी गावाकडं ठिवून आलास?"

त्यांचा आवाज इतका चढला की खाली दुकानात चाललेलं बोलणं थांबलं. मी मान खाली घालून उभा राहिलो, शाळेत राहायचो तसाच. ते बघून सर आणखी चिडतील असं वाटलं होतं. पण तसं झालं नाही. दारापाशी जाऊन त्यांनी लाटणं उचललं आणि ती फुली बराच वेळ बघत राहिले. मग मला जवळ बसवलं, माझा डावा पंजा आपल्या डाव्या पंजाला लावून बघितला. त्यांची बोटं लांब, निमुळती. माझा पंजा रुंद, बोटं आखूड आणि अंगठा बराच खाली बसलेला. इतके दिवस दर रविवारी माझा हात बघणाऱ्या सरांनी तो असा लावून कधी बघितला नव्हता.

"डोळे मीट," ते म्हणाले. "आता धर लाटणं. फुलीबिली विसर. कुणीतरी सहज हातात दिलं, असं धर."

मी धरलं. डोळे उघडले तेव्हा अंगठा फुलीपासून दूर, पहिल्या बोटाच्या बाजूला टेकला होता. फार नाही, अर्ध्या पेराचं अंतर असेल.

"ही फुली माझ्या हाताची आहे," सर म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "आणि माझी अंकलच्या हाताची होती."

बोलताना त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या अंगठ्याच्या मुळाशी गेला आणि चोळायला लागला. हे मी शेकडो वेळा बघितलं होतं. नेमकी माझीही कळ तिथूनच निघायची. आयुष्यात पहिल्यांदा मी एका मास्तरांना प्रश्न विचारला.

"सर, तुमचा अंगठा दुखतो का?"

त्यांनी आपल्या हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "कॅम्पात जात होतो तेव्हापासून."

"मग अंकलना..."

"त्यांना कोण सांगणार? मी तुझ्यासारखाच शहाणा!" आणि ते हसायला लागले. आधी थोडंसं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मलाही हसू आलं. आम्ही दोघांनी तसंच बसून पेढे खाल्ले.

ती फुली पुसायला सरांनी बोट ओलं करून घासलं, पण बॉलपेनची शाई लाकडात मुरली होती. तेव्हा ते खाली दुकानात गेले. मला वरून ऐकू येत होतं.

"पॉलिश पेपर दे रं जरा."

"कशाला, दादा?"

"चपात्या गोल येत न्हाईत."

वर येऊन त्यांनी स्वतः फुली आणि ठिपके घासून काढले. लाकूड तिथे पांढरं पडलं. मी वाट बघत होतो, पण त्यांनी नवी फुली मारली नाही. "तुझी तू मार," म्हणाले. "दुखायचं थांबल्यावर. आता काही दिवस गिटार बंद."

"म्हणून तर सर, मी म्हणत होतो की..."

"गिटार बंद म्हणालो. वर्ग बंद म्हणालो का? रविवारी येऊन बसायचं. ऐकायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आले. हातात माझी गिटार. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"मी यांचं दुखणं," सर म्हणाले.

मग तिथल्या स्टुलावर मला बसवून, गिटार कशी धरतो, मनगट कुठे वाकतं, हे सगळं त्यांनी डॉक्टरांना दाखवलं आणि विचारलं, "हात सरळ ठेवून, न आवळता वाजवलं तर?" डॉक्टर इतका वेळ कुणाला देत नसत, पण त्यांनी गिटार मांडीवर घेऊन स्वतःचं मनगट वाकवून बघितलं. म्हणाले, "आधी पूर्ण बरं होऊ द्या. मग थोडं थोडं, आणि दुखलं की थांबायचं." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? दुखलं की थांबायचं. आणि सांगायचं." राग ओसरला होता, मी परत 'तुम्ही' झालो होतो.

पावसाळा संपेपर्यंत मी वर्गात नुसता बसलो. मग उजव्या हाताने मोकळ्या तारा छेडायला लागलो. डाव्या हाताची पाळी आली तेव्हा सरांनी सगळं नव्याने मांडलं. रीत त्यांनी सोडली नाही. खुर्ची राहिली, पाट राहिला, पाठ सरळच राहिली. पण गिटारची मान त्यांनी वर उचलून दिली, त्याबरोबर माझं वाकलेलं मनगट सरळ झालं. अंगठा माझ्या हाताला जिथे बसतो तिथे बसू दिला. आणि मी किती आवळून धरत होतो ते दाखवलं. "पेरू धरा म्हटलं होतं. तुम्ही त्याचा मुरंबा केलात." ज्या दिवशी पहिलं बोट आडवं पडून सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या आणि कळ आली नाही, त्या दिवशी मी खोलीवर येऊन बॉलपेनने लाटण्यावर माझी फुली मारली. प्रफुलला ती दाखवली. तो म्हणाला, "बढिया. आता तं पोया लाटशीन?"

त्यानंतर सर नव्या विद्यार्थ्यांना लाटणं आणायला सांगायचे, पण फुली ज्याची त्याला मारायला लावायचे. आणि दर रविवारी वर्ग सुरू करताना एक नवा प्रश्न विचारायला लागले : "कुणाला कुठे दुखतंय?" आता पुणेरी मुलांना ही आयतीच संधी. एकाला पाठ दुखायची, एकाला पाट टोचायचा, तो मोबाइलवाला म्हणाला, "सर, बोटांची टोकं फार दुखतात."

"ती दुखू द्या. तारेने दुखतात ती. पंधरवड्यात घट्टे पडतील."

"म्हणजे काही दुखणी चालतात?"

"चामडीवरचं चालतं. सांध्यातलं नाही. आणि बसने आलात म्हणून पाठ दुखत असेल तर ते मला सांगू नका, पीएमटीला सांगा."

काही वर्षांनी पुतण्यांनी ती इमारत पाडून मोठी बांधायची ठरवली. सरांनी वर्ग बंद केला. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. शेवटच्या रविवारी त्यांनी ज्याचा त्याचा पाट ज्याच्या त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "खुर्ची आपापली बघा." जमीन विकलेल्या पैशातून घरच्यांनी मुळशीकडे थोडं रान घेतलं होतं, तिथे ते राहायला गेले. मी लग्नानंतर खराडीत आलो. लाटणं बायकोच्या हाती गेलं आणि रोजच्या पोळ्यांत माझी फुली कधीच धुऊन निघाली. ऑफिसात आता माझ्या हाताखाली नवी मुलं येतात. त्यांतली काही लहान गावांतून आलेली असतात. त्यांना काही समजावलं की ती मान हलवून "हो सर" म्हणतात. तो 'हो' मी चांगला ओळखतो. मग मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसतो आणि विचारतो, "कुठं अडतंय?" पहिल्यांदा कुणीच सांगत नाही. पुन्हा विचारावं लागतं.

सरांना मी शेवटचं भेटलो ते त्या मुळशीकडच्या घरी, एका हिवाळ्यातल्या सकाळी. फाटकापाशी गाडी थांबवली तेव्हाच गिटार ऐकू आली. सर घराच्या पायरीवर बसले होते. पाठ खांबाला टेकलेली, एक पाय दुमडून मांडीखाली घेतलेला, गिटार कशीही तिरकी. आणि अंगठा सरळ मानेवरून वर आलेला. मी बघतच राहिलो. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, अंगठा!"

त्यांनी वाजवणं थांबवलं नाही. अंगठ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. आता दुखत न्हाई."

चहा झाल्यावर त्यांनी गिटार माझ्याकडे दिली. मी खुर्ची शोधायला लागलो. "खुर्ची नाही इथे. बसा कुठेही," ते म्हणाले. मी पायरीवर बसलो, पण डाव्या पायाखाली घ्यायला एक वीट शोधून आणलीच. सर ते बघून मिशीत हसले. मी वाजवायला लागलो. हात बरा चालत होता. पण मनातून मी त्या एका शब्दाची वाट बघत होतो. आता म्हणतील, आता म्हणतील. ते म्हणेनात, म्हणून मी वर बघितलं. सर माझ्या हाताकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"अंगठा बरोबर आहे," ते म्हणाले. "तोंड कशाला एवढं आवळून धरलंय? ते पण ढिलं सोडा."

मी सोडलं, आणि पुढचं वाजवलं.